पहिल्या डॉग शोला आलेला माणूस दुसऱ्यांदा का येत नाही?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

थंडी पडू लागली की राज्यात श्वान प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. उन्हाळ्यात गोचीड, आहार आणि अंगावरचे चट्टे यांविषयी विचारणारे वाचक आता एन्ट्री, रिंग (कुत्रे जिथे परीक्षकांसमोर उतरवतात ते दोरीने आखलेले मैदान) आणि परीक्षक यांच्याविषयी लिहू लागतात. या वेळच्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच दुखण्याविषयीची, म्हणजे प्रदर्शनात नव्या माणसाला परके वाटण्याविषयीची निघाली, म्हणून या अंकात दुसरा कोणताही विषय घेतलेला नाही. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : आमचा जिल्हा पातळीवरचा क्लब आहे आणि आम्ही दर हिवाळ्यात एक प्रदर्शन भरवतो. प्रत्येक वेळी बरीच नवी कुटुंबे आपापले कुत्रे घेऊन येतात. पण पुढच्या वर्षी त्यांतली अगदी थोडी पुन्हा दिसतात. उद्घाटनाच्या भाषणात आम्ही सर्वांचे मनापासून स्वागत करतो, चहा-नाश्त्याची सोय असते, बक्षिसेही चांगली असतात. आमचे कुठे चुकते?
— एका क्लबचे सचिव, सांगली

उत्तर : आपले भाषण दहा वाजता होत असेल, नवा माणूस मात्र सात वाजताच फाटकाशी आलेला असतो. त्या तीन तासांत त्याच्या वाट्याला काय येते, ते एकदा त्याच्या जागी उभे राहून पाहावे. एका हातात ओढ घेणारा कुत्रा, दुसऱ्या हातात लसीकरणाचे कार्ड, पाण्याची बाटली आणि लहान मूल, अशा अवस्थेत तो कोणाला तरी विचारतो की आता कुठे जायचे, आणि समोरचा माणूस घाईघाईने हात करून सांगतो, ‘तिकडे.’ तिकडे गेल्यावर कळते की आधी पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्यायची होती. तपासणी झाल्यावर कळते की नंबर दुसऱ्याच टेबलावर मिळतो. नंबर मिळाला तरी तो डाव्या दंडावर बांधायचा, हे कोणी सांगत नाही. कॅटलॉग उघडावा तर पानभर संक्षेप. आजूबाजूला मांडव, क्रेट म्हणजे कुत्र्यांचे पिंजरे, केस विंचरण्याची ग्रूमिंग टेबले आणि वर्षानुवर्षे एकमेकांना ओळखणारी, हसत-बोलत बसलेली माणसे. ‘ही यांची घरची जागा आहे आणि आपण बाहेरचे आहोत’ हा निष्कर्ष त्याने उद्घाटनाचा दिवा लागण्यापूर्वीच काढलेला असतो.

यात कोणी मुद्दाम वाईट वागलेले नसते, हे मी ठामपणे सांगते, कारण पुष्कळ वर्षे रिंग स्ट्युअर्ड, म्हणजे रिंगमध्ये परीक्षकांची मदतनीस म्हणून मी याच मैदानांवर उभी राहिले आहे. प्रदर्शनाच्या सकाळी कार्यकर्त्याच्या डोक्यावर एवढे ओझे असते की समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहायला त्याला खरोखर वेळ नसतो. म्हणूनच स्वागत हे ज्याच्या-त्याच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही. जसे खुर्च्यांचे, पाण्याचे आणि ध्वनिक्षेपकाचे काम कोणाकडे तरी नेमून दिलेले असते, तसेच नव्या माणसाचे काम एका माणसाकडे नेमून द्यावे आणि त्या माणसाला त्या दिवशी दुसरे कोणतेही काम देऊ नये. अध्यक्ष किंवा सचिव यांनी ते अंगावर घेऊ नये. त्यांना दर दोन मिनिटांनी कोणीतरी हाक मारत असते. दोन-तीन वर्षांपूर्वीच या क्षेत्रात आलेला एखादा उत्साही सभासद त्यासाठी सर्वांत योग्य, कारण आपण पहिल्या दिवशी कुठे गोंधळलो होतो, हे त्याला अजून आठवत असते.

काम खरे तर प्रदर्शनाच्या आधीच सुरू व्हायला हवे. एन्ट्री फॉर्मवर ‘हे आपले पहिलेच प्रदर्शन आहे का?’ एवढा एक रकाना वाढवावा आणि ज्यांनी होय लिहिले असेल त्यांना दोन दिवस आधी फोन करावा. किती वाजता पोहोचायचे, आपल्या कुत्र्याची जात कोणत्या रिंगमध्ये आहे आणि साधारण कितव्या क्रमांकाला आहे, कागदांपैकी काय बरोबर आणायचे, मैदानावर सावली किती आहे, घरून पाण्याचे भांडे आणि बसायला सतरंजी आणावी की नाही, एवढेच बोलायचे असते. पाच मिनिटांच्या या फोनमुळे मैदानावरचा निम्मा गोंधळ वाचतो आणि आलेल्या माणसाच्या तोंडी निदान एक नाव असते, की अमक्यांनी मला बोलावले आहे.

काही गोष्टी तर फॉर्म भरण्यापूर्वीच स्वच्छ मराठीत छापलेल्या असायला हव्यात. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या, म्हणजेच १८९६ साली स्थापन झालेल्या आणि चेन्नईत मुख्यालय असलेल्या संस्थेच्या नियमांखाली होणाऱ्या प्रदर्शनात कुत्र्याची नोंदणी लागते, एन्ट्रीची मुदत प्रदर्शनाच्या बऱ्याच आधी संपते आणि मैदानावर ऐनवेळी नाव घालता येत नाही. खच्ची केलेला नर जातीच्या रिंगमध्ये उतरवता येत नाही, कारण दोन्ही अंडकोष खाली उतरलेले असणे ही जवळजवळ प्रत्येक जातीच्या स्टँडर्डमधली, म्हणजे आदर्श नमुन्याच्या लेखी वर्णनातली अट असते. पशुवैद्यांचा सल्ला मानून, जबाबदारीने कुत्र्याची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या एका गृहस्थांना ही गोष्ट रिंगच्या तोंडाशी, सगळ्यांच्या देखत कळलेली मी पाहिली आहे. त्यांचा पडलेला चेहरा मी विसरलेले नाही. चूक त्यांची नव्हती. ती आमच्या फॉर्मची होती.

रिंगमध्ये काय करायचे असते, तेही आधी शिकवता येते. ब्रिटनमध्ये अनेक क्लब ‘रिंगक्राफ्ट’ नावाचे वर्ग चालवतात आणि त्यात कुत्र्याला व मालकाला रिंगची सवय करून दिली जाते. आपल्याला त्यासाठी मोठी यंत्रणा नको. प्रदर्शनापूर्वीचे दोन रविवार, एक मोकळे मैदान, चार खांब, दोरी आणि एक टेबल पुरे. कुत्रा आपल्या डाव्या बाजूला ठेवायचा, घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरायचे, परीक्षकाने सांगितल्यावर सरळ जाऊन परत यायचे किंवा त्रिकोणात चालवायचे, कुत्र्याला चारही पायांवर स्थिर उभे करायचे, आणि परक्या माणसाने ओठ वर करून दात पाहिले, पाठीवरून, छातीवरून हात फिरवला तरी कुत्र्याने तो सहन करायचा: सगळा अभ्यास एवढाच आहे. दोन रविवारांत तो पूर्ण होत नाही. पण मैदानावर आल्यावर ओळखीचे दहा चेहरे दिसतात, आणि माझ्या मते त्या वर्गाचा खरा लाभ तोच असतो.

माझी स्वतःची पहिली एन्ट्री एका डॅशहुंडची होती. लहान जातींची तपासणी टेबलावर होते, हे मला ठाऊक नव्हते आणि घरच्या टेबलावर चढण्याबद्दल तो बिचारा आयुष्यभर बोलणी खात आला होता. परीक्षकांसमोर टेबलावर ठेवताच तो पोट टेकून बसला आणि काही केल्या उठला नाही. परीक्षकांनी धीर धरला, नंतर आमचा नंबर शेवटी लावला आणि ते योग्यच होते. मी बाहेर आले तेव्हा दोरीपलीकडे उभ्या असलेल्या कोणीही माझ्याकडे पाहिले नाही. लोक आपण होऊन बाजूला झाले, जणू माझ्या घरी काही वाईट घडले होते. मी गाडीकडे निघाले असताना एक वयस्कर बाई मागून आल्या, ‘त्याला रोज दोन मिनिटे टेबलावर उभा करा आणि तिथेच खाऊ द्या, महिन्यात सवय होईल,’ एवढे म्हणाल्या आणि आपल्या कुत्र्याकडे परत गेल्या. त्या बाईंमुळे मी दुसऱ्या प्रदर्शनाला गेले. म्हणून आपल्या नेमलेल्या माणसाला मी सांगेन की फाटकापाशी तू नसलास तरी एक वेळ चालेल, पण नवा माणूस रिंगमधून हरून बाहेर येतो त्या पाच मिनिटांत तू त्याच्या शेजारी असलाच पाहिजेस.

कुत्रा न आणता नुसते पाहायला आलेले लोकही नवेच असतात आणि आपण त्यांचा विचार जवळजवळ करतच नाही. लंडनमध्ये १८९१ साली चार्ल्स क्रफ्ट यांनी सुरू केलेले आणि आता बर्मिंगहॅमला चार दिवस चालणारे क्रफ्ट्सचे प्रदर्शन जगभर ओळखले जाते. तिथे ‘डिस्कव्हर डॉग्ज’ नावाचा एक विभाग असतो, ज्यात निरनिराळ्या जातींचे कुत्रे आपल्या मालकांसह बसलेले असतात आणि कोणीही जाऊन त्यांना भेटू शकते, प्रश्न विचारू शकते. आपल्या मैदानावर अशा पाच-सहा जाती एका मांडवात दुपारी दोन तास बसवणे मुळीच कठीण नाही. शांत स्वभावाचे, माणसांत रमणारे कुत्रे निवडावेत आणि मालक बोलका असावा. त्याच मांडवाच्या दारात, कुत्र्याला हात लावण्यापूर्वी मालकाला विचारावे आणि ज्याच्या पट्ट्याला पिवळी फीत बांधली आहे त्याच्यापासून अंतर ठेवावे, अशी मोठ्या अक्षरांतली पाटी लावावी. लहान मुलांच्या आईवडिलांना ओरडून मागे सारण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळ बरा.

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर मादी तीन वर्षांची आहे. तिचे जातीच्या नोंदणीचे कागद आहेत, म्हणून हौसेने तिला प्रदर्शनात नेले. रिंगबाहेर उभ्या असलेल्या एका अनुभवी गृहस्थांनी तिच्याकडे पाहून ‘ही घरात पाळायला ठीक आहे, इथे कशाला आणली’ असे मोठ्याने म्हटले आणि दोघे-तिघे हसले. माझा मुलगा रडवेला झाला. आता पुन्हा जाण्याची इच्छा होत नाही. आम्ही जाऊ नये का?
— एक गृहिणी, नाशिक

उत्तर : आपण अवश्य जावे, आणि मुलालाही न्यावे. त्या गृहस्थांचे बोलणे असभ्य तर होतेच, शिवाय ते त्यांच्या अधिकारातलेही नव्हते. रिंगमध्ये कुत्र्याविषयी मत देण्याचा अधिकार एकट्या परीक्षकांचा असतो आणि परीक्षकसुद्धा कुत्र्याची तुलना त्या जातीच्या स्टँडर्डशी, म्हणजे आदर्श नमुन्याच्या लेखी वर्णनाशी करतात. मालकाच्या हौसेशी तिचा संबंध नसतो. मालकाने पैसे भरून, नियम पाळून एन्ट्री घेतली असेल तर ‘इथे कशाला’ हा प्रश्न विचारण्याची मुभा मैदानावर कोणालाही नाही.

आपल्या पत्रात पुढे त्यांनी तिच्या वजनावरून टोमणा मारल्याचेही आहे, म्हणून त्याविषयी दोन गोष्टी सांगते. लॅब्रॅडॉरच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये खांद्यापाशी नराची उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर आणि मादीची ५४ ते ५६ सेंटिमीटर सांगितली आहे; वजनाचा आकडा दिलेला नाही. दुसरे असे की या जातीला भूक आवरत नाही, हा सर्वस्वी मालकाचा दोष नसतो. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की साधारण एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळलेला असतो आणि असे कुत्रे अन्नाच्या मागे अधिक असतात. याचा अर्थ वजनाकडे दुर्लक्ष करावे असा मात्र नाही. बरगड्यांवरून हलका हात फिरवला असता त्या बोटांना लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिले असता कंबर दिसली पाहिजे. तसे नसेल तर आपल्या पशुवैद्यांशी बोलून तिचा आहार बेताचा करावा, पोळीचे तुकडे आणि बिस्किटे बंद करावीत आणि चालणे वाढवावे. प्रदर्शन असो वा नसो, तिच्या सांध्यांना त्याचा उपयोगच होईल.

पुढच्या वेळी रिंगचे काम संपल्यावर परीक्षकांना वेळ असेल तर स्ट्युअर्डमार्फत विचारावे की माझ्या मादीत आपल्याला काय आवडले आणि काय कमी वाटले. बहुतेक परीक्षक या प्रश्नाचे उत्तर आनंदाने आणि सौम्यपणे देतात. हे उत्तर मुलाच्या कानावर पडू द्यावे. आपल्या लाडक्या कुत्रीचा मागचा पाय थोडा सरळ आहे, पण डोके सुरेख आहे, असे जाणत्या माणसाच्या तोंडून शांतपणे ऐकणे आणि मागून कोणी हसणे, यांतला फरक मुलांना फार लवकर कळतो.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या वेळेपासून कारवान जातीचे कुत्रे आहेत. शेतावर राखणीला असतात. तालुक्याच्या ठिकाणी कृषी प्रदर्शनात एकदा बक्षीस मिळाले म्हणून शहरातल्या मोठ्या डॉग शोला कुत्रा घेऊन पाहायला गेलो. सगळी घोषणा इंग्रजीत होती. एका बाईंनी मला ‘तुमचे साहेब कुठे आहेत?’ असे विचारले. कुत्र्याचे कागद नाहीत, तेव्हा रिंगमध्ये घेणार नाहीत, हे तिथे गेल्यावर समजले. आमच्यासारख्यांनी तिथे जाण्यात काही अर्थ आहे का?
— एक शेतकरी, लातूर जिल्हा

उत्तर : दादा, आपले पत्र मी दोनदा वाचले आणि या क्षेत्रात इतकी वर्षे काढलेली बाई म्हणून मला त्याची लाज वाटली. त्या बाईंनी विचारले त्यामागे एक सवय आहे. मोठ्या केनेलचे, म्हणजे श्वानपैदास केंद्रांचे मालक पगारी माणसे ठेवतात आणि प्रदर्शनात कुत्र्याजवळ पुष्कळदा तीच माणसे असतात, त्यामुळे साध्या कपड्यांतला माणूस दिसला की तो कोणाचा तरी नोकर असणार, असे काही जणांनी मनाशी धरून ठेवलेले आहे. कारण कळले म्हणून प्रश्नाचे औचित्य वाढत नाही. जो माणूस कुत्र्याजवळ उभा आहे त्याला कुत्र्याविषयी विचारावे, हा साधा शिष्टाचार आहे, आणि तो माणूस पगारी असला तरीही कुत्र्याची खरी माहिती बहुधा त्यालाच अधिक असते.

आता आपल्या कुत्र्याविषयी. त्या मैदानावरच्या बहुतेक जाती परदेशांतून आलेल्या होत्या. आपला कारवान मात्र याच दख्खनच्या मातीतला आहे. मराठवाडा, सोलापूर आणि सीमेपलीकडच्या विजापूर-बागलकोट भागात तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला गेला तो शेतकऱ्यांनी आणि धनगरांनी, ज्वारीच्या भाकरीवर आणि दुधावर. कर्नाटकात त्याला मुधोळ म्हणतात, कारण मुधोळ संस्थानाचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि तिची जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजांना भेट दिली, असे सांगितले जाते. कान, पाय आणि शेपटीवर रेशमी केस असलेल्याला आपल्याकडे पश्मी म्हणतात. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत ही जात कारवान हाउंड या नावाने आहे. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी जातींवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळ हाउंड होता. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीच्या संशोधनाचे केंद्र आहे आणि लष्करानेही मेरठच्या आपल्या केंद्रात या कुत्र्यांना प्रशिक्षण दिले आहे. एवढे सगळे ज्या जातीच्या नावावर आहे, तिचा कुत्रा घेऊन आलेल्या माणसाला पाहुण्यासारखी खुर्ची द्यायला हवी होती. ती कोणी दिली नाही, यात प्रदर्शनाचेच नुकसान झाले.

कागदांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. ज्यांच्या आईवडिलांची नोंद नाही, अशा देशी जातींच्या कुत्र्यांची जाणकार परीक्षकांकडून तपासणी करून नोंदणी करण्याची शिबिरे यापूर्वी झालेली आहेत. आपल्या जवळच्या, केनेल क्लबशी संलग्न असलेल्या क्लबला पत्र लिहून किंवा भेटून पुढचे शिबिर कधी आहे ते विचारावे आणि गावातल्या इतर कारवानवाल्यांनाही बरोबर घ्यावे. एकट्याच्या पत्रापेक्षा पंधरा जणांच्या सह्यांच्या पत्राला लवकर उत्तर येते. नोंदणीच्या वेळी कुत्र्याच्या मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवतात आणि त्यावरच्या पंधरा अंकी क्रमांकाने त्याची ओळख कायमची पक्की होते. सुईएवढाच त्रास असतो.

तोपर्यंत एक तयारी घरी करता येईल. कारवान मुळातच परक्याचा हात सहज सहन करत नाही आणि जाणता परीक्षक ते समजून घेतो, तरी त्याला दात आणि अंग तपासावेच लागते. शेजारीपाजारी, पाहुणे, शाळेतले गुरुजी, ज्यांना कुत्र्यांची भीती नाही अशा रोज एका वेगळ्या माणसाने जवळ यावे, आधी हाताचा वास घेऊ द्यावा, मग मानेवरून पाठीपर्यंत हात फिरवावा आणि निघून जावे. जबरदस्ती करू नये. महिना-दीड महिन्यात फरक दिसू लागेल.

आणि जे क्लब हे सदर वाचत असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, ध्वनिक्षेपकावरची प्रत्येक सूचना आधी मराठीत द्यावी, मग इंग्रजीत. बाहेरून आलेल्या परीक्षकांसाठी इंग्रजी लागते हे खरे. पण रिंगमध्ये कधी यायचे हे परीक्षकांना सांगायचे नसते, ते एन्ट्री घेतलेल्यांना सांगायचे असते.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि आमच्याकडे गावठी कुत्रा आहे. तिला प्रदर्शनात भाग घ्यायचा आहे. शक्य आहे का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : जातीच्या रिंगमध्ये गावठी कुत्र्याला उतरवता येणार नाही. मात्र काही आयोजक देशी आणि दत्तक कुत्र्यांसाठी स्वतंत्र फेरी ठेवतात, तिची चौकशी करावी. ब्रिटनमध्ये मिश्र रक्ताच्या कुत्र्यांसाठी ‘स्क्रफ्ट्स’ नावाची स्पर्धाच आहे. मुलीला रिंगची ओढ असेल तर ‘ज्युनिअर हँडलिंग’ या प्रकाराची माहिती घ्यावी. त्यात परीक्षक कुत्र्याला नव्हे, तर त्याला सांभाळणाऱ्या मुलाला गुण देतात. त्यासाठी कुत्रा कोणता चालतो ते आयोजकांकडून लेखी कळवून घ्यावे. ओळखीच्या एखाद्या प्रदर्शकाचा शांत कुत्रा घेऊन उतरण्याची परवानगी असेल, तर ती सुरुवात उत्तम ठरते आणि त्या प्रदर्शकाशी तिचे जन्माचे नाते जुळते. घरच्या गावठ्याला मात्र बसणे, थांबणे, बोलावल्यावर येणे हे सगळे तिनेच शिकवावे. ती कला एकच आहे.

प्रश्न : मी पंधरा वर्षे प्रदर्शनांत भाग घेत आहे. नवे लोक नेमके मी रिंगमध्ये जाण्याच्या बेतात असताना येऊन बोलू लागतात. मागच्या हंगामात एका तरुणाला मी फार तुटकपणे उत्तर दिले. तो ‘माफ करा’ म्हणून निघून गेला आणि पुन्हा दिसला नाही. मला ते अजून सलते. अशा वेळी काय करावे?
— एक प्रदर्शक, पुणे

उत्तर : आपल्याला सलते आहे, हे वाचून बरे वाटले, कारण बहुतेकांना असे काही घडल्याचे लक्षातही राहत नाही. रिंगमध्ये जाण्यापूर्वीची दहा मिनिटे बोलण्याची नसतात. कुत्र्याचे केस विंचरून झालेले असतात, त्याचे लक्ष आपल्यावर एकवटलेले असते, आपला जीव टांगणीला लागलेला असतो आणि त्यातच कोणी प्रश्न विचारला की राग येतो. पण विचारणाऱ्याला यांतले काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो स्वस्थ उभा असलेला एक देखणा कुत्रा आणि त्याचा रिकामा मालक. म्हणून एक वाक्य पाठ करून ठेवावे आणि ते आपोआप तोंडातून यावे: ‘आत्ता माझा नंबर येतोय, पण मला तुमच्याशी बोलायचे आहे, माझे झाले की त्या निळ्या मांडवाखाली या, मी तिथेच असतो.’ जागा सांगावी, निव्वळ ‘नंतर भेटू’ म्हणू नये; त्या दोन शब्दांचा अर्थ नव्या माणसाला नकार असाच कळतो. आणि मग, जिंकलात तरी आणि हरलात तरी, त्या मांडवाखाली जावे. हरल्यावर जाणे अवघड असते हे मला माहीत आहे. त्याच दिवशी त्याची गरज अधिक असते, कारण हरलेला अनुभवी माणूस परीक्षकांना नावे न ठेवता आपल्या कुत्र्याला पाणी पाजतो आणि शांतपणे बोलतो, हे पाहून नवा माणूस जे शिकतो ते कोणत्याही पुस्तकात नसते.

बोलताना त्याला पिल्लू विकण्याची घाई करू नये. भेटीच्या पहिल्या पाच मिनिटांत किमतीचा विषय निघाला की समोरच्याला आपण गिऱ्हाईक झाल्यासारखे वाटते. त्याच्या घरी कोण असते, घर केवढे आहे, दिवसभर कुत्र्याजवळ कोण राहणार, हे विचारावे आणि आपल्या जातीचे दोष आधी सांगावेत. पग किंवा बुलडॉग असेल तर चपट्या नाकामुळे मे महिन्यात त्यांचे काय हाल होतात ते सांगावे. हस्की असेल तर विदर्भातल्या उन्हाळ्याविषयी स्पष्ट बोलावे. पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी विकणे हे श्वान पैदास आणि विक्रीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनी निषिद्ध आहे, हेही त्याला सांगून ठेवावे, म्हणजे बाजारात कोणी पाच आठवड्यांचे पिल्लू त्याच्या हातात ठेवले तर तो ते घेणार नाही. हे सगळे ऐकूनही त्याने ती जात घ्यायची नाही असे ठरवले, तर आपला वेळ फुकट गेला असे मुळीच समजू नये.

त्या तरुणाविषयी म्हणाल तर, त्याने त्या दिवशी एन्ट्री घेतली असेल तर आयोजकांकडे त्याचा फॉर्म असणार. क्लबने त्याचा क्रमांक परस्पर आपल्याला देऊ नये. आपण आपले नाव आणि निरोप त्यांच्याजवळ द्यावा आणि तो त्याला पोहोचवण्याची विनंती करावी. निरोपात सबबी नकोत. ‘त्या दिवशी तुम्ही माझ्या कुत्र्याविषयी विचारले होते आणि मी नीट उत्तर दिले नव्हते; या वेळच्या प्रदर्शनाला मी आहे, माझा मांडव रिंग क्रमांक दोनच्या मागे असेल,’ असा दोन ओळींचा मजकूर पुरे. रिंगचा क्रमांक कॅटलॉग आल्यावर तेवढा तपासून घ्यावा.